रस्ता कोणाच्या बापाचा?

शास्त्रपाठ : उत्पत्ती १३ : १-१८



बेळगावच्या खानापूर रस्त्यावर सायंकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते. उद्यमबागेतील कारखान्यांची पाळी सुटलेली असते. मजगाव, पिरनवाडी, मच्छे या बाजूंना जाणारे कामगार हँडलला डबा अडकवून सायकलवर निघालेले असतात. त्याच वेळी मोटारी, रिक्षा, दुचाक्या आणि मालाच्या गाड्या यांचा लोंढा वाहत असतो. कोणाचा तरी आरसा कोणाच्या तरी हँडलला लागतो. मोटारीची काच खाली होते. "ए, दिसत नाही का रे?" असा आवाज येतो, आणि सायकलवरून उत्तर येते, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे काय?"

हे वाक्य उपदेशात घ्यावे की नाही, असा आम्हांला थोडा संकोच वाटला. पण विचार करता करता वाटू लागले, की रागाच्या भरात त्या माणसाने एक खरा आणि गंभीर प्रश्न विचारला आहे. रस्ता खरोखर कोणाच्या बापाचा आहे? आपण दर रविवारी बाप, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आशीर्वाद घेऊन मंदिराबाहेर पडतो आणि लगेच त्या रस्त्याला लागतो. तेव्हा ह्या प्रश्नाचे उत्तर इतरांना ठाऊक नसले, तरी आपल्याला ठाऊक असावयास हवे. पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे, असे चोविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच सांगितले आहे. पृथ्वी जर त्याची, तर खानापूर रस्ताही त्याचाच. रस्ता आपल्या बापाचा आहे, हे खरे. पण तो समोरच्याच्याही बापाचा आहे, हे आपण विसरतो. सारा तंटा तेथून सुरू होतो.

आज वाचलेल्या अध्यायात जागेवरून झालेले एक भांडण आहे. अब्राम व त्याचा पुतण्या लोट मिसर देशाहून परत आले होते. दोघांजवळ शेरडेमेंढरे, गुरेढोरे व तंबू पुष्कळ झाले होते. शास्त्र सांगते, की त्या देशात त्या दोघांचा एकत्र निर्वाह होईना, कारण त्यांची मालमत्ता फार होती. हे नीट ध्यानात घ्या. दुष्काळ पडला म्हणून हे भांडण झाले नाही. ते सुबत्तेमुळे झाले. सामान वाढले आणि जागा तेवढीच राहिली. गुराखी गुराख्यांशी भांडू लागले.

आपल्या गावांचे असेच झाले नाही काय? आपल्या वडिलांच्या पिढीत घरात एक सायकल असली, तरी ते घर बरे समजले जाई. त्या सायकलला नगरपालिकेचा कर भरून पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेला सापडला, तर पोलीस दंड करी, नाहीतर चाकातली हवा सोडून देई. पुणे हे तर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. आज तेच रस्ते आहेत, त्याच पेठा व गल्ल्या आहेत. पण एका घरात दोन दोन, तीन तीन गाड्या आहेत. जेथे एक मोटार उभी राहते, तेथे आठ-दहा सायकली सहज मावतात. देवाने आपल्याला बरकत दिली, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. पण त्या बरकतीचे ओझे कोणाच्या अंगावर पडत आहे, हेही पाहावे.

अब्रामाने काय केले? तो चुलता होता, वडीलधारा होता, आणि वचन त्याला मिळाले होते. लोट त्याच्या मागोमाग आलेला. लोटाला तो सहज म्हणू शकला असता, की तू आपली गुरे बाजूला घे. त्याने तसे केले नाही. आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको, असे म्हणून त्याने निवड करण्याचा पहिला मान लोटाला दिला. लोट डावीकडे गेला तर आपण उजवीकडे जाऊ, तो उजवीकडे गेला तर आपण डावीकडे जाऊ, अशी त्याची तयारी होती. ज्याच्या हाती बळ होते, त्याने वाट दिली. आजच्या उपदेशाचे सार एवढेच आहे, की रस्त्यावर मोठा तो, जो वाट देतो.

कोणी म्हणेल, "हे ठीक आहे, पण मोटारवाला सरकारला कर भरतो, सायकलवाला एक पैसाही भरत नाही. मग रस्त्यावर त्याचा बरोबरीचा हक्क कसा?" हा प्रश्न आम्ही चांगल्या विश्वासणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचे व्यावहारिक उत्तर असे, की शहरातले रस्ते नगरपालिका व महानगरपालिका आपल्या तिजोरीतून आणि सरकारी अनुदानातून बांधतात. त्या तिजोऱ्यांत सायकलवाल्याच्या घरपट्टीचा आणि त्याने विकत घेतलेल्या साबणाच्या वडीवरील कराचाही पैसा असतो. शिवाय त्याची सायकल रस्ता खचवीत नाही व धूरही सोडीत नाही. पण शास्त्राचे उत्तर याहून खोल आहे.

गणना या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोशे कादेशाहून अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवितो. आम्हांला तुझ्या देशातून जाऊ दे. आम्ही शेतात किंवा द्राक्षमळ्यात शिरणार नाही, सरळ राजमार्गाने जाऊ, आमच्या गुरांनी पाणी प्यायले तर त्याचे मोल देऊ, अशी नम्र विनंती होती. अदोम हा परका नव्हता. एसावाचा वंश, म्हणजे इस्राएलाचा सख्खा भाऊ. तरी त्याने नकार दिला आणि मोठे सैन्य घेऊन तो आडवा आला. थकलेल्या लोकांना दूरचा वळसा घेऊन जावे लागले. रस्ता होता, तो राजमार्ग होता. पण बलवानाने दुर्बळाला त्यावर पाऊल ठेवू दिले नाही.

असे आजही घडते. कलकत्ता शहरात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. मोटारींची वाहतूक खोळंबू नये, हा त्यातला हेतू. त्या सायकली कोणाच्या होत्या? दूध घालणाऱ्यांच्या, वर्तमानपत्रे टाकणाऱ्यांच्या, सामान पोचविणाऱ्यांच्या, दुकानात नोकरी करणाऱ्यांच्या. पुढे ती यादी कमी करण्यात आली. पण ज्यांचे पोटच दोन चाकांवर चालते, त्यांना तोवर अदोमाचा वळसा घ्यावा लागला. आपण कलकत्त्याच्या पोलिसांना दोष देऊन मोकळे होऊ नये. आपल्यांतला प्रत्येक जण जेव्हा मागून कर्कश हॉर्न वाजवून एखाद्या गरिबाला रस्त्याच्या कडेच्या चिखलात ढकलतो, तेव्हा तोही आपल्यापुरता एक लहानसा हुकूमच काढीत असतो.

प्रियहो, मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधण्याविषयी एक आज्ञा आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचे आठवे वचन पाहा. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी वरून पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. पडणारा बेसावध होता, त्याने पाहून चालायला हवे होते, अशी सबब तेथे चालत नाही. ज्याने उंच बांधले, त्याने कठडा घालावा. ज्याच्या वस्तूने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, त्याच्यावर अधिक जबाबदारी, असा हा देवाच्या न्यायाचा नियम आहे.

हा नियम रस्त्यावर लावून पाहा. साधी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. लहानात लहान मोटारही सातशे-आठशे किलोंची असते. वेग दुप्पट झाला, की धडकेची शक्ती चौपट होते. दोघांची टक्कर झाली तर मोटारीचा रंग जातो, आणि सायकलवाल्याचे हाड मोडते किंवा प्राण जातो. भारत सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक घरांत रडारड. यांत मोटारीतले होते, दुचाकीवरचे होते, पायी चालणारे होते आणि सायकलवालेही होते.

जगाच्या कायद्यांनाही हे आता उमगू लागले आहे. इंग्लंडात २९ जानेवारी २०२२ पासून रस्त्याच्या नियमावलीत असे तत्त्व घातले गेले, की ज्याच्या वाहनाने अधिक इजा होऊ शकते, त्याच्यावर इतरांना सांभाळण्याची अधिक जबाबदारी. सायकलवाल्याला मागे टाकताना, ताशी तीस मैलांपर्यंतचा वेग असेल तर, निदान दीड मीटर अंतर सोडावे, असेही तेथे सांगितले आहे. आपल्या देशातही २०१७ सालच्या मोटार वाहन चालविण्याच्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध व अपंग यांची वाहनचालकाने विशेष काळजी घ्यावी, असे म्हटले आहे. आणि सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यावर मोटार चालवू नये, हा नियम तर त्याहून जुना आहे. जे मोशेने कठड्याच्या आज्ञेत लिहिले, ते सरकारी नियमांत इतक्या शतकांनी आले. आपण मात्र ते लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग ते पाळण्यात आपण इतरांच्या पुढे असावयास नको काय?

आता सायकलवाल्यांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नाहीतर हा उपदेश एकांगी होईल. दुर्बळ असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. लाल दिवा सायकललाही आहे. उलट्या बाजूने येणे, हात न दाखविता एकदम वळणे, अंधारात दिव्याशिवाय व मागच्या तांबड्या काचेशिवाय जाणे, तीन-तीन जणांनी गप्पा मारीत आडवे चालणे, यांमुळे मोटार चालविणाऱ्या सरळ माणसाच्या हातूनही अपघात होऊ शकतो, आणि त्या माणसाला जन्मभर झोप लागत नाही. दुभाजकामुळे लांबून वळसा पडतो, म्हणून सायकलवाला उलट्या बाजूने येतो, हे आम्ही समजू शकतो. चढावर पायडल मारणाऱ्याला अर्धा मैलही मोठा असतो. पण स्वतःचा जीव हीदेखील देवाने दिलेली ठेव आहे. आणि तोंडावर ताबा ठेवणे हे दोघांनाही सारखेच लागू आहे. ज्या तोंडाने आपण बापाची स्तुती करतो, त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसाला शिव्या देतो, याबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात खेद केला आहे.

याकोबाचे ते शब्द आम्हांला विशेष झोंबतात. धर्मशिक्षणाचा डिप्लोमा करीत असताना आम्ही रोज सायकलने जात-येत होतो. तेव्हा चिखल उडवून जाणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला आम्ही मनातल्या मनात शाप देत असू. पुढे देवाच्या कृपेने एक जुनी लहान मोटार घेता आली. सहा महिने झाले नाहीत, तोच समोर रेंगाळणाऱ्या सायकलवाल्यांवर आम्ही करवादू लागलो. रस्ता तोच, आम्हीही तेच. फक्त बसण्याची जागा बदलली होती. बसण्याची जागा बदलताच ज्याचा न्याय बदलतो, त्याच्याजवळ न्याय कधी होताच काय?

बलामाची गोष्ट आठवा. द्राक्षमळ्यांमधली अरुंद वाट, दोन्हीकडे भिंती, आणि बलाम आपल्या गाढवीवर बसून घाईने निघालेला. गाढवी बिचकली, भिंतीला घासली, बलामाचा पाय चेंगरला. त्याने तिला एकदा नाही, तीनदा मारले. पुढे दूत तरवार उपसून उभा होता. तो तिला दिसत होता, बलामाला दिसत नव्हता. समोरचा सायकलवाला एकदम उजवीकडे सरकतो, तेव्हा आपण संतापून हॉर्न दाबतो. पण त्याच्यापुढे उघडे गटार असते, फुटकी बाटली असते, पाण्याखाली दडलेला खड्डा असतो. आपल्याला काचेमागे बसून तो दिसत नाही. पुढच्याला काही तरी दिसले असेल, एवढा विश्वास ठेवून क्षणभर थांबणे, हे भविष्य सांगणाऱ्या बलामाला जमले नाही.

आणि आम्हांलाही जमले नाही. ते येथे सांगितल्यावाचून हा उपदेश पुरा करण्याचा आम्हांला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिन्यातला शनिवार. बेळगावचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. दोन-दोन दिवस उसंत नाही. एका घरी सायंकाळची प्रार्थनासभा होती आणि आम्हांला उशीर झाला होता. रस्त्याच्या कडेने एक कामगार सायकलवर चालला होता. पाठीवर प्लास्टिकचा कागद, हँडलला डबा. आम्ही हॉर्न दिला. तो सरकला नाही. कडेला पाणी साचले होते. आम्ही पुन्हा हॉर्न दिला आणि तशीच गाडी पुढे काढली. आरसा त्याच्या हाताला लागला. धक्का एवढासा, की गाडीत जेमतेम जाणवला. आरशात पाहिले, तर तो पाण्यात पडला होता. मग तो उठताना दिसला. उठला म्हणजे लागले नसेल, असे आम्ही आपल्या मनाला सांगितले आणि पुढे गेलो. सभेत सर्वांच्या आधी प्रार्थना आम्हीच केली.

दुसऱ्या दिवशी शब्बाथ शाळेत चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता. आम्ही तो रंगवून सांगितला. याजक आला, त्याने पाहिले, तो दुसऱ्या बाजूने निघून गेला. इतक्यात दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, त्या याजकाला उशीर झाला होता का हो?"

बंधुभगिनींनो, आम्ही ह्या दाखल्यावर अभ्यास केला आहे, परीक्षेत उत्तरे लिहिली आहेत. याजक का थांबला नाही, याची विद्वानांनी दिलेली कारणे आम्हांला पाठ होती. पण त्या मुलाने दिलेले कारण आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. कदाचित तो वाईट माणूस नव्हताच. कदाचित त्याला देवाच्या कामाला जायला उशीर झाला होता, एवढेच. त्या मुलाला आम्ही काही तरी उत्तर दिले. ते काय दिले, हे आज आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो.

सोमवारपासून चार-पाच सायंकाळी आम्ही त्या रस्त्यावर त्याच वेळी जाऊन उभे राहिलो. शेकडो सायकली गेल्या. प्लास्टिकचा कागद पांघरलेले, डबा लावलेले कितीतरी होते. तो कोण, हे ओळखता आले नाही. त्याचा चेहरा आम्ही पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती त्याची पाठ. वाहनाने कोणाला इजा झाली, तर थांबून त्याला उपचार मिळवून द्यावा व पोलिसांना कळवावे, असे आपल्या देशाचा १९८८ सालचा मोटार वाहन कायदा सांगतो. त्याला इजा झाली की नाही, हे पाहायलाही आम्ही थांबलो नाही. कायद्याचे जाऊ द्या. लूकच्या दहाव्या अध्यायाचे काय? आम्ही पाळक साहेबांपुढे हे कबूल केले व देवापुढे कबूल केले. प्रभूने क्षमा केली, असा आमचा विश्वास आहे. पण ज्याची क्षमा मागायची, तो माणूस आम्हांला आजतागायत भेटला नाही. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, अशी प्रभूची शिकवण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. ज्यांना आपला भाऊ सापडू शकतो, ते धन्य. त्यांनी आजच जावे, उद्यावर टाकू नये.

आता पुन्हा अब्रामाकडे येऊ. वाट दिल्याने त्याचे काय गेले? लोटाने डोळे वर करून यार्देनेचे पाणथळ, हिरवेगार खोरे निवडले आणि तो सदोमापर्यंत जाऊन पोचला. अब्रामाच्या वाट्याला डोंगराळ मुलूख राहिला. पण अध्यायाचा शेवट वाचा. लोट निघून गेल्यावर परमेश्वर अब्रामाशी बोलला आणि ज्या देशातला निवडीचा हक्क त्याने सोडला होता, तोच सारा देश त्याला देऊन, त्याच्या लांबीरुंदीतून चालत जा, असे त्याला सांगितले. ज्याने वाट दिली, त्याला सगळ्या वाटा मोकळ्या झाल्या. आपण सायकलवाल्यासाठी थांबलो, तर पाच-दहा सेकंद जातात. तेवढे सेकंद देवाजवळ नाहीत काय?

याहून मोठे उदाहरण प्रभू येशूचे आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की तो देवासमान असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही, तर दास झाला. यरुशलेमेत प्रवेश करताना त्याने रथ मागविला नाही. तो गाढवीच्या शिंगरावर बसून आला. आज तो आपल्या गावात आला, तर कोणत्या वाहनावर बसेल आणि आपण त्याला मागून हॉर्न देऊ काय, याचा विचार करावा.

अब्राम व लोट शेवटी वेगळे झाले, हेही खरे. कधी कधी शांतीसाठी वाटा वेगळ्या करणे हाच शहाणपणा असतो. नेदर्लंड्स देशात १९७० नंतरच्या दशकात मोटारींखाली मुले मरू लागली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यानंतर तेथे सायकलींसाठी वेगळे मार्ग वाढत गेले. आपल्याकडे पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर केला. पण पट्टा आखला, तरी त्यावर मोटार आणून उभी करणारा माणूस बदलला नाही, तर रंगाचा खर्च वाया जातो. आणि आपल्या जुन्या पेठांतल्या गल्ल्यांत वेगळ्या वाटेला जागाच नाही. तेथे एकत्रच चालावे लागणार. म्हणून आरंभ माणसापासून, आणि आपल्या मंडळीत आरंभ मंदिराच्या अंगणापासून व्हावा.

अंगणात काय दिसते? मोटारी झाडाच्या सावलीत, दरवाजाजवळ. सायकली मागे, संडासाच्या भिंतीला, एकमेकींवर कलंडलेल्या. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांजवळची जागा, यावरून याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीला खडसावले आहे. तो आसनांबद्दल बोलला. पण अंगणालाही ते लागू पडते. सायकलींसाठी दरवाजाजवळ, सावलीत एक साधा लोखंडी स्टँड करावा. खर्च फार नाही. येत्या पंचकमिटीत कोणी तरी हा विषय मांडावा.

मोटारवाल्या बंधूंनी व भगिनींनी तीन गोष्टी कराव्यात. सायकलला मागे टाकताना हातभर नव्हे, पुरुषभर अंतर सोडावे. तेवढी जागा नसेल तर मागे राहावे. उभ्या गाडीचा उजवा दरवाजा डाव्या हाताने उघडावा. म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. आणि हॉर्नवर हात जाण्याआधी मनात म्हणावे, 'ह्याचाही बाप तोच.' सायकलवाल्यांनी घंटी, ब्रेक, दिवा व मागची तांबडी काच नीट ठेवावी, वळण्याआधी हात दाखवावा, आणि कोणी वाट दिली तर हात उंचावून आभार मानावेत. आम्ही पाहिले आहे, त्या एका उंचावलेल्या हाताने दोघांचाही दिवस बदलतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना विनंती, की उत्पत्तीचा तेरावा अध्याय शिकविताना मुलांना विचारावे : आज तुम्ही कशावर बसून आलात? वाटेत कोणी तुम्हांला वाट दिली? तुम्ही कोणाला दिली? आणि मुलांनी उलट प्रश्न विचारला, तर घाई न करता ऐकावा.

त्या अध्यायात एक लहानसे वाक्य सहज निसटून जाते. गुराख्यांचे भांडण चालले असता त्या देशात कनानी व परिज्जी राहत होते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे शेजारी पाहत होते. देवाचे म्हणविणारे दोन भाऊ जागेसाठी कसे वागतात, हे परके लोक पाहत होते. आजही पाहत आहेत. कित्येकांच्या मोटारीच्या मागच्या काचेवर क्रूस आहे, शास्त्रवचन आहे. मागचा माणूस ते वाचतो. पण ते वाचण्याच्या आधी, आपण पुढच्या सायकलवाल्याशी कसे वागलो, हे त्याने वाचलेले असते.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय बापा, सर्व वाटा तुझ्या आहेत. तू आम्हांला बळ दिलेस, वाहने दिलीस, आणि आम्ही त्यांच्या जोरावर तुझ्या लेकरांना बाजूला सारले. आम्हांला क्षमा कर. ज्यांना आम्ही इजा केली आणि ज्यांचे चेहरेही पाहिले नाहीत, त्यांना तू ओळखतोस. त्यांना बरे कर व सांभाळ. पहाटे दूध घालणारे, पेपर टाकणारे, पाळीवर जाणारे, शाळेला जाणारी मुले यांच्याभोवती तुझा कठडा असू दे. उशीर झालेला असतानाही थांबण्याचे धैर्य आम्हांला दे. वाट देणारा जो तुझा पुत्र येशू ख्रिस्त, त्याच्या नावाने मागतो. आमेन.